गुरुवारची बैठक : एका हौशी पेटीवादकाचे अनुभवाचे बोल

मी रत्नागिरीचा. पेशाने विद्युत पर्यवेक्षक, आवडीने पेटीवादक. पेटी हाताला लागली ती गावच्या भजनी मंडळात. पुढे नोकरीने मस्कतला नेलं आणि तिथे बरीच वर्षं आम्ही काही मित्रांनी मिळून भजन, नाट्यगीत, भावगीत, जुनी सिनेगाणी असं सगळं गायलं-वाजवलं. आता मी पुन्हा रत्नागिरीत आहे. ओळखीतली तरुण मुलं दुबईला, दोह्याला, टोरांटोला निघाली की भेटायला येतात आणि विचारतात, "काका, तिकडे पेटी नेऊ का?" हे लिखाण त्यांच्यासाठी. माझं सांगणं एकच आहे : संगीत टिकतं ते ठरलेल्या दिवशी एकत्र बसणाऱ्या साध्या माणसांमुळे. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

१. वार ठरवा आणि तो पाळा

कोकणातलं भजनी मंडळ वारावर चालतं. कुठे मारुतीचा शनिवार, कुठे दत्ताचा गुरुवार. बुवा आले नाहीत तरी कुणीतरी देवळात दिवा लावतो, पेटी उघडतो, पखवाजाला कणीक लागते आणि भजन उभं राहतं. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनीही हेच केलं. एका खोलीत दहा-बारा जणांनी राहायचं, पाळ्यांची कामं करायची, आणि तरी गावाच्या नावाचं भजनी मंडळ चाळीत ठरल्या रात्री बसायचंच.

मस्कतमध्ये आम्ही गुरुवारची रात्र धरली. तेव्हा ओमानात सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती, खासगी कंपन्यांतल्या बहुतेकांना फक्त शुक्रवार मोकळा मिळे. २०१३ च्या मे महिन्यापासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, तरी गुरुवारची रात्र आमच्या सोयीचीच राहिली. मस्कतमधल्या रुवी भागात एका मित्राच्या घरी सतरंजी पडायची. नियम दोनच : तिघं जमली तरी बैठक होणार, आणि "आज बसायचं का?" असा फोन कुणी कुणाला करायचा नाही. विचारलं की माणूस कारण शोधतो. वार पक्का असला की पाय तिकडे वळतात. दमून आलेला एखादा नुसता भिंतीला टेकून बसला तरी चालायचं. अर्ध्या तासात त्याच्या हातात टाळ असायचे.

उत्तम गळ्याची माणसं असूनही बंद पडलेले गट मी पाहिले. कार्यक्रम ठरला की ते जमत आणि कार्यक्रम झाला की पांगत. वार नसलेल्या मंडळाला आयुष्य नसतं.

२. पट्टी गाणाऱ्याची, पेटीवाल्याने ती शोधायची

साथीला बसणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे गाणाऱ्याचा गळा आज कुठे खुलतो आहे ते ओळखणं. पुरुषांना साधारण काळी एक, काळी दोन चालते, बायकांना काळी चार, काळी पाच; आमचे भजनी बुवा तर त्याही वर चढतात. पण हौशी माणसाचा गळा रोज सारखा नसतो. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून आलेली गृहिणी किंवा शिक्षिका गुरुवारी रात्री अर्धी पट्टी खालीच गाते.

म्हणून मी आधी षड्ज आणि पंचम धरतो, भाता हलका ठेवतो आणि विचारतो, "ताई, इथून घेऊ या का?" त्या गुणगुणतात. मग मुखडा सोडून थेट अंतऱ्यातली सर्वांत वरची जागा म्हणायला लावायची. तिथे मान ताणली, भुवया वर गेल्या, की बिनबोभाट एक पट्टी खाली यायचं. मुखड्यावर ठरवलेली पट्टी अंतऱ्यात दगा देते.

साथ कशी असावी हे कळायला गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकावीत. बोरकर गोव्यातल्या बोरीचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या दोघांची बोटं विजेसारखी चालत, पण गाणारा गात असताना ती त्याच्या मागून जातात. गायक श्वास घेतो तेवढीच जागा भरून निघते आणि तो परतला की पेटी पुन्हा मागे सरते. ही समज ज्याला आली त्याला कुठल्याही देशात, कुठल्याही मैफलीत लोक आपल्याजवळ बसवून घेतात.

३. वाद्याला हवामान सोसावं लागतं, त्याची काळजी आधी घ्या

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मस्कतमध्ये जेमतेम शंभर. त्याच पेटीने हे दोन्ही सोसायचं असतं.

आपल्याकडे श्रावणात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, रीडवर गंज धरतो. आखातात उलटं होतं. कोरडी हवा आणि चोवीस तास चालणारा एसी यांनी लाकूड आकसतं. भाता भरलेला असूनही सूर तोकडा पडतो, वाजवताना कुठूनतरी बारीक सुसाटा येतो. अशा वेळी पेटी बिघडली म्हणून रडू नये. वरचं झाकण काढावं, भात्यात हवा भरावी आणि ओठ ओले करून ते कडेकडेने फिरवावेत. हवा जिथून निसटते तिथे ओठांना गार झुळूक लागते. बहुतेक वेळा ती जागा रीडबोर्डच्या कडेला सापडते. तिथले स्क्रू अर्धा अर्धा फेरा आळीपाळीने आवळले की काम भागतं. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर बोर्ड वाकतो.

एखादा सूर मुका झाला तर शंभरात नव्वद वेळा रीडच्या पात्याखाली धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवून काढावी, टोकदार सुई घालू नये. सूर उतरला-चढला असेल तर मात्र कारागिराकडे जावं. पात्याच्या टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं ऐकून घरी कानस हातात घेणाऱ्यांनी चांगल्या चांगल्या पेट्या घालवल्या आहेत.

तबल्याचंही तसंच. कोरड्या हवेत पुडी चढते, दमट हवेत उतरते. एसीच्या झोताखाली तबला ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तो अख्खा सूर वर गेलेला असतो. बैठकीच्या आधी वाद्यं त्याच खोलीत अर्धा तास ठेवावीत, म्हणजे त्यांना हवा सवयीची होते, आणि मगच हातोडी घ्यावी.

विमानातून पेटी न्यायची असेल तर भाता बंद करून कडी लावा, पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवा आणि पेटी जाड गोधडीत गुंडाळून कडक खोक्यात घाला. आईची जुनी गोधडी यासाठी सर्वांत उत्तम.

४. ज्याला जे येतं ते घेऊन बसा

परदेशात आपल्याला हवा तसा संच मिळत नाही. मिळतील त्या माणसांचा संच करावा लागतो, आणि तोच पुढे सर्वांत श्रीमंत ठरतो. आमच्यात मडगावचा एक गिटारवादक होता, केरळमधल्या त्रिशूरचा एक तालवादक, सांगलीच्या एक गायिका, आणि ढोलकीवर रत्नागिरीच्याच राजिवड्याचा मित्र. लग्नघरातल्या गाण्यांवर त्याचा हात तयार झालेला. भजनाचा ठेका त्याने दोन गुरुवारांत उचलला आणि पुढे आमची गौळण त्याच्या ढोलकीशिवाय बसेना. रत्नागिरीत आमची घरं पंधरा मिनिटांच्या अंतरावर, पण एका सतरंजीवर आम्ही आलो ते समुद्रापलीकडे गेल्यावर.

मडगावच्या मित्राकडून आम्ही सगळेच एक शिस्त शिकलो. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिक्षणावरच गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेसंगीतात मोठे झाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावं. आम्ही सगळे कानाने वाजवणारे. तो प्रत्येक गाण्याचा आराखडा कागदावर मांडायचा : कितव्या आवर्तनाला मुखडा, कुठे थांबायचं, मधला तुकडा किती मात्रांचा. सहा महिन्यांनी तेच गाणं काढलं तरी गोंधळ व्हायचा नाही. आपली भातखंडे पद्धतीची स्वरलिपीही त्यासाठी पुरेशी आहे. कानावर विश्वास ठेवा, पण कागद जवळ असू द्या. माणसं बदली होऊन जातात, कागद राहतो.

५. ज्या देशात राहता त्याचं गाणं ऐका

आपली पेटी हीच मुळात परदेशी. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४० च्या दशकात घेतलं. तिकडची ती पायाने भाता मारायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी तयार केली. आपल्या संगीतात ती लगेच सामावली असंही नाही; १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. तरी देवळात, तमाशात, नाटकात, कीर्तनात ती वाजतच राहिली. असं वाद्य मांडीवर घेऊन बसणाऱ्याने दुसऱ्याच्या संगीताला परकं मानू नये.

माझ्या कार्यालयात एक ओमानी सहकारी ऊद वाजवायचा. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे त्याचं बोट कुठल्याही श्रुतीवर थांबू शकतं. एकदा त्याने रास्त नावाच्या मकामात, म्हणजे त्यांच्याकडच्या रागात म्हणा, एक सुरावट वाजवली. मी पेटीवर ती धरायला गेलो आणि गांधार सापडेना. कोमल गांधार लावला तर खाली, शुद्ध लावला तर वर. त्याचा गांधार या दोन पट्ट्यांच्या मधोमध उभा होता आणि तिथे माझ्या पेटीत पट्टीच नव्हती. मग त्याने हिजाझकार वाजवला आणि मी चमकलो. कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद : हा तर आपला भैरव! चाल निराळी, ठहराव निराळे, पण सूर तेच. त्या दुपारी आम्ही जेवणाची सुट्टी संपेपर्यंत एकमेकांना भैरव आणि हिजाझकार ऐकवत राहिलो. दोघांनाही एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, आणि त्यामुळे काही अडलं नाही.

ओमानने मला आणखी एक गोष्ट दाखवली. सुलतान काबूस यांनी १९८५ साली रॉयल ओमान सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यासाठी त्यांनी परदेशातून तयार वादक न आणता पाश्चात्त्य संगीताची कसलीही ओळख नसलेली ओमानी मुलं-मुली घेतली आणि त्यांना पहिल्या सुरापासून शिकवलं. मस्कतचं रॉयल ऑपेरा हाऊस २०११ साली उघडलं तोवर त्या मुलांच्या हाताखाली पुढची पिढी तयार होत होती. शिकवायला कुणी आणि शिकायला वेळ मिळाला, तर कुठल्याही मातीत कुठलंही संगीत रुजतं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

६. नियम मनापासून पाळा

रमजानमध्ये आम्ही वाद्यं झाकून ठेवत असू. त्या महिन्यात गुरुवारी जमायचं ते बोलायला आणि नवीन गाण्यांचे शब्द पाठ करायला. जाहीर कार्यक्रमाला परवानगी लागते. ती वेळेत काढायची. इमारतीत शेजारी लहान मूल असेल तर दहाला पेटी बंद. या गोष्टी कुणी सांगायची वाट पाहायची नाही. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवलं, सणाच्या दिवशी त्याच्या घरी करंज्या पाठवल्या, की पुढच्या गुरुवारी तोच दारात येऊन ऐकत उभा राहतो.

७. हिशेब पहिल्या दिवसापासून उघडा ठेवा

हौशी मंडळं बेसूर होण्याआधी बेहिशेबी होतात. चहा, नाष्टा, माईकचं भाडं, तबल्याची नवी पुडी, हे खर्च लहान दिसतात आणि तेच मनात राहतात. एक वही ठेवा, ती सतरंजीवरच पडलेली असू द्या, कुणीही उघडून पाहावी. कार्यक्रमाचं मानधन मिळालं तर ते मंडळाचं, वैयक्तिक कुणाचं नाही, हे आधी ठरवा. एका संयोजकाने आम्हाला कबूल केलेली रक्कम दिली नाही तेव्हा आमच्यात कुरबुर झाली नाही, याचं कारण ती वही. गेलं ते सगळ्यांचं गेलं, हे प्रत्येकाला दिसत होतं.

८. आठवणींच्या जोरावर मंडळ फार दिवस चालत नाही

परदेशात पहिल्या वर्षी जुनं गाणं लागलं की डोळे भरून येतात. दुसऱ्या वर्षीही येतात. नंतर तीच दहा गाणी तोंडपाठ होऊन जातात आणि बैठकीतला रस ओसरतो. म्हणून दर ऋतूला नवं काही बसवायचं. आम्ही एका वर्षी नाट्यसंगीत धरलं : १८८२ च्या 'सौभद्र'पासून १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'पर्यंत. त्यासाठी प्रत्येक पदाचा राग शोधला, मूळ चाल कुणाची ते विचारलं, कथानकात ते पद कुठे येतं ते वाचलं. पंडित जितेंद्र अभिषेकींनी 'कट्यार'मध्ये दोन घराण्यांच्या गायकीतला फरक चालींमधून कसा उभा केला, हे समजून घ्यायला आम्हाला पूर्ण हिवाळा लागला. मस्कतचा हिवाळा सुखाचा असतो. गच्चीवर बसून आम्ही तो सत्कारणी लावला.

नवं शिकणारं मंडळ तरुण राहतं. त्यात नवा माणूस आला तरी त्याला परकं वाटत नाही, कारण त्या गाण्यात सगळेच नवे असतात.

९. मुलांना श्रोत्यांत बसवू नका, बैठकीत बसवा

आपल्या माणसांनी दूरदेशी गाणं कसं जपलं याचं मोठं उदाहरण मॉरिशसचं आहे. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी तिथे करारावर मजूर नेले. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली पुष्कळ मराठी कुटुंबं होती. आज कितीतरी पिढ्यांनंतर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी बोलली जात नाही, ते क्रिओल आणि फ्रेंच बोलतात. पण गणपतीत तिथे आपली जाखडी आजही नाचली जाते. ते तिला झाकरी म्हणतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

भाषा मागे पडली आणि नाच राहिला, याचं कारण मला स्पष्ट दिसतं. जाखडी ऐकायची गोष्ट नाही. गोल करून, पायात घुंगरू बांधून, मधल्या ढोलकीवर सगळ्यांनी मिळून नाचायची गोष्ट आहे. त्यात लहान पोर थोरांच्या मधे उभं राहतं आणि पाऊल पायातून पायात जातं. पोथी हरवते, पाऊल हरवत नाही.

परदेशातले आईबाप मुलांना कार्यक्रमाला नेऊन खुर्चीवर बसवतात आणि मुलं मोबाईल पाहत बसतात म्हणून दुःख करतात. मुलाच्या हातात टाळ द्या. तो बेताल वाजवेल, वाजवू द्या. आमच्याकडे एका मैत्रिणीची मुलगी चार वर्षांची असताना माझ्या पेटीचा भाता मारायची. तिला तेवढंच काम होतं आणि ती ते मन लावून करायची. आज ती तबला वाजवते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रं परदेशातही आहेत. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत घरबसल्या तयारी करता येते. परीक्षा जरूर द्यायला लावा. पण परीक्षेआधी सतरंजी.

१०. दुःखाच्या रात्री मंडळ दारात हवं

हे मी सर्वांत मनापासून सांगतो. आमच्यातला लांज्याचा एक मित्र बांधकामावर कामाला होता. त्याची आई गेल्याचा फोन संध्याकाळी आला. त्याचे कागद कंपनीत अडकलेले, दोन दिवस सुटका नव्हती आणि अग्नी सकाळीच द्यायचा होता. खोलीत सहा खाटा, एक पंखा, आणि तो खाटेच्या कडेवर बसलेला. कुणाशी बोलेना, पाणीही घेईना.

आम्ही आठ-नऊ जण गेलो. वाद्यं गाडीतच ठेवली होती. अशा वेळी वाजवावं की नाही हे त्यानेच ठरवायचं होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "दादा, आमच्या गावात आज रात्री घरी भजन बसेल. मी पण बसतो." पेटी आणली. पखवाज आणला नाही. नुसते टाळ आणि पेटी. काळी दोनमध्ये अगदी हळू सुरुवात केली. पहिल्या अभंगाला त्याने टाळ हातात धरले होते, वाजवले नाहीत. दुसऱ्याला तो वाजवू लागला. तिसऱ्याला त्याने स्वतः आवाज दिला, आणि तेव्हा त्याला रडू आलं. खोलीतले बाकीचे पाचजण आंध्रचे आणि बिहारचे. त्यांना शब्द कळत नव्हते, तरी ते उठून गेले नाहीत. पहाटेपर्यंत आम्ही तिथेच होतो. सकाळी कामाची बस आली तेव्हा त्याने चहा घेतला.

मंडळाची किंमत रंगमंचावरच्या टाळ्यांत मोजू नका. अशी एक रात्र निभावून नेली तर वर्षभराच्या गुरुवारांचं सार्थक होतं. आणि ती रात्र निभावता येते ती आधीचे गुरुवार पाळलेले असतात म्हणून. एकमेकांचा सूर, श्वास, स्वभाव ठाऊक असलेली माणसंच अशा वेळी न बोलता एकत्र गाऊ शकतात.

११. परत आल्यावर आधी श्रोता व्हा

परदेशातून परतलेल्या माणसाला वाटतं, आपण इथे काही नवं सुरू करावं. करावं जरूर; पण आधी इथे काय चालू आहे ते पाहावं. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था वर्षानुवर्षं मासिक संगीत मैफल भरवते आणि संगीत नाटकं उभी करते. आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात भरतो आणि देशातले मोठे कलावंत तिथे येऊन गातात. राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या वेळी सावरकर नाट्यगृहात नाट्यपदांना दाद देणारे, प्रत्येक जागा पाठ असलेले प्रेक्षक बसलेले असतात. गावागावांत नमन आहे, जाखडी आहे, शिमग्याचे ढोल आहेत, भजनी मंडळं आहेत. हे सगळं आपण नसताना चालू होतं. त्यांना आपल्या अनुभवाआधी आपली हजेरी हवी असते.

थिबा राजवाड्याच्या त्या आवारात बसलं की मला नेहमी परदेशातल्या माणसाचा विचार येतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली याच गावात राजा वारला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. आम्हाला मात्र परतीचं तिकीट होतं, हातात पगार होता, सोबतीला माणसं होती. आपल्या परदेशवासाची तक्रार करण्याआधी हे आठवावं.

मी परतल्यावर पहिलं वर्ष फक्त ऐकलं. गावच्या मंडळात मागे बसून टाळ धरले. मंडळात एक पोरगा पेटीवर होता, चांगला वाजवणारा. त्याच्या मागे बसून साथीतल्या जागा ऐकल्या. पुढे एक दिवस बुवाच म्हणाले, "आज तुम्ही बसा, तो जरा दम खाईल." तेव्हा पेटी पुढे ओढली. आता आम्ही दोघं आलटून पालटून वाजवतो आणि मंडळाला दोन पेटीवाले आहेत.

तर पेटी न्यायची का, याचं उत्तर : न्या. मोठं कुणी व्हायचं म्हणून नको. तिच्याभोवती चार माणसं बसतात म्हणून न्या. आणि जे कुठे जाणार नाहीत, इथेच राहणार आहेत, त्यांनाही माझं हेच मागणं आहे. कपाटावर ठेवलेली पेटी खाली काढा, धूळ पुसा, कारागिराकडून एकदा सूर मिळवून घ्या. एक वार ठरवा. शेजारच्या दोन घरांत सांगून या. तिघं जमली की सुरुवात करा, चौथा येतोच.